६४ केबीत अख्खा गेम बसायचा कसा?

प्रश्न : ताई, घर आवरताना बाबांचा जुना बटणांचा फोन सापडला, चार्जर लावला तर चक्क चालू झाला आणि त्यातले जावा गेमसुद्धा अजून चालतात! एका गेमचे डिटेल्स उघडले तर साइझ फक्त ६१ केबी. मी दोन वर्षं ॲप डेव्हलपमेंट करतोय, माझ्या ॲपमधला एखादा फोटोच याच्यापेक्षा मोठा असतो. ही मंडळी नेमकं करायची तरी काय?

उत्तर : ६१ आकडा वाचला आणि लगेच लक्षात आलं. त्या पिढीतले बरेच फोन ६४ केबीच्या वरची जार फाइल, म्हणजे अख्खा गेम बांधलेलं गाठोडं, इन्स्टॉलच करू द्यायचे नाहीत, त्यामुळे ज्यांनी तो गेम लिहिला ते शेवटचे काही दिवस एकेका केबीसाठी झटत बसले असणार. मी पण त्या काळात हेच काम करायचे.

मोबाइलवरच्या जावाचं एमआयडीपी १.० हे स्पेसिफिकेशन २००० साली आलं आणि त्यात फोनकडून अपेक्षा किती, तर स्क्रीन कमीत कमी ९६ बाय ५४ पिक्सेल, जावा चालवायला ३२ केबी मेमरी आणि ॲपला स्वतःचा डेटा ठेवायला ८ केबी. एवढ्यात संसार करायचा. मग पहिली कात्री क्लासेसना, म्हणजे जावातला कोड ज्या वेगवेगळ्या तुकड्यांत लिहितात त्यांना. शत्रूचा एक क्लास, गोळीचा एक, दोघांचा मिळून एक बाप क्लास, असली चैन परवडायची नाही, कारण प्रत्येक क्लास फाइल स्वतःचं नावांचं टेबल सोबत घेऊन येते. म्हणून दोन-तीन क्लासमध्ये सगळा गेम, शत्रू म्हणजे नुसते इंटिजरचे ॲरे (पूर्णांकांच्या याद्या), आणि वर ऑब्फस्केटर नावाचं टूल चालवून कोडमधली सगळी नावं ए, बी, सी करून टाकायची. आज तो कोड लपवायला वापरतात, आम्ही साइझ कमी करायला वापरायचो.

पण खरी बचत चित्रांत, हे जरा नीट सांगते. पीएनजी या चित्राच्या फाइलमध्ये एकही पिक्सेल नसला तरी फाइलची ओळख सांगणारी सिग्नेचर, सुरुवातीच्या माहितीचं हेडर, डेटाचं वेष्टण आणि शेवटचा तुकडा मिळून ५७ बाइट जातात. १६ रंगांची पॅलेट (रंगांची यादी) असेल तर आणखी ६०. शिवाय जार म्हणजे शेवटी झिपच, त्यात प्रत्येक फाइलची नोंद दोनदा होते, ते ७६ बाइट आणि वर फाइलचं नाव दोनदा. म्हणजे चित्रामागे २०० बाइट नुसते कागदपत्रांचे! गेममध्ये अशी ३० चित्रं असली की ६ केबी गेलेच, ६४ मधले ६. म्हणून सगळी चित्रं एका लांब पट्टीवर चिकटवायची, आणि स्क्रीनवर काढताना आधी क्लिप लावून, म्हणजे तेवढाच भाग दिसेल असं करून, एक छोटी खिडकी करायची आणि पट्टी मागे सरकवत हवी ती फ्रेम त्या खिडकीत आणायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा साइझचा आकडा खाली आलेला बघून जो आनंद झाला तो अजून आठवतो.

अजून एक, या जावाच्या पहिल्या आवृत्तीत दशांश संख्याच नव्हत्या, फ्लोट नाही, डबल नाही. उडी मारताना वेग दीड पिक्सेल हवा तर? सगळं २५६ ने गुणून ठेवायचं, दीडचे झाले ३८४, बेरीज-वजाबाकी तशीच करायची आणि स्क्रीनवर काढताना आठ बिट उजवीकडे शिफ्ट करायचं, म्हणजे पुन्हा २५६ ने भागायचं. साइन-कोसाइनचं टेबल आधीच बनवून ठेवलेलं. आणि गेम लूपच्या आत शक्यतो नवीन ऑब्जेक्ट बनवायचाच नाही, नाहीतर नको असलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर मध्येच जागा होतो आणि गेम अडखळतो. हे शेवटचं तुमच्या आजच्या ॲपलाही जसंच्या तसं लागू आहे.

प्रश्न : मॅडम, त्या वेळी नेटवर्क एवढं स्लो होतं तर वायरलेस ॲप चालायची कशी? वॅप, ते फोनवरचं साधं इंटरनेट, खरंच कामाचं होतं का?

उत्तर : सुरुवातीला डेटा कॉल लावायला लागायचा, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि पैसे मिनिटाप्रमाणे. वॅपची कल्पना माझ्या मते चांगली होती. एका डेकमध्ये, म्हणजे गठ्ठ्यात, अनेक कार्ड (छोटी पानं) एकदम पाठवायची, म्हणजे कार्डावरून कार्डावर जाताना नेटवर्क लागतच नाही, आणि मधला गेटवे, म्हणजे इंटरनेट आणि फोन यांच्यामधला सर्व्हर, पानातल्या टॅगचे (खुणांचे) एकेका बाइटचे कोड करून पाठवायचा. १९९९ च्या नोकिया ७११० वर अख्खा डेक साधारण १४०० बाइटच्या आत बसवायला लागायचा. पण लोकांना सांगितलं गेलं की फोनवर इंटरनेट आलं, आणि हातात आल्या काळ्या अक्षरांच्या चार ओळी, त्यामुळे मनातून उतरलं ते उतरलंच.

स्लो असणं एक वेळ चालतं हो, मध्येच तुटणं फार वाईट. आमचं ऑर्डर घ्यायचं एक ॲप होतं, जीपीआरएसवर, म्हणजे त्या वेळच्या मोबाइल डेटावर. विक्रेत्यानी 'पाठवा' दाबलं, ऑर्डर सर्व्हरला पोचली, उत्तर परत येताना तो लिफ्टमध्ये शिरला आणि कनेक्शन गेलं. स्क्रीनवर एरर, त्यानी पुन्हा पाठवलं, गोडाऊनमधून माल डबल निघाला. आम्ही दोन दिवस सर्व्हरवर बग शोधत होतो आणि बग तिथे नव्हताच! मग ऑर्डरचा नंबर फोनवरच तयार करायला लागलो, आधी फोनमध्ये सेव्ह, मग पाठवणं, आणि तोच नंबर परत आला तर सर्व्हरनी नवीन नोंद न करता जुनंच उत्तर द्यायचं.

पाम हा खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी तर १९९६ लाच तुटलेलं कनेक्शन हीच नेहमीची स्थिती धरली होती. पामच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक रेकॉर्डवर एक 'बदललंय' अशी खूण असायची, हॉटसिंकचं, म्हणजे कॉम्प्युटरशी डेटा जुळवायचं, बटण दाबलं की नेहमीच्या कॉम्प्युटरवर तेवढीच रेकॉर्ड जायची. दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की पहिलं ॲप बंद, त्यामुळे निघताना सगळं जपून ठेवायचं आणि परत आल्यावर माणसाला तिथेच आणून सोडायचं. सगळ्यात पहिल्या मशीनमध्ये मेमरी १२८ केबी होती आणि त्यात हे होत होतं, ॲप लिहिताना हे डोक्यात ठेवा असं मी सगळ्यांना कळकळीनं सांगते.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, हौस म्हणून जुन्या फोनसाठी जावा गेम लिहितोय. इम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) मस्त चालतो पण खऱ्या फोनवर डावं-उजवं सॉफ्ट बटण, स्क्रीनच्या लगेच खालचं, काहीच करत नाही आणि कॉल आला की गेम मागे चालूच राहतो.

उत्तर : अरे वा, लिही लिही! सॉफ्ट बटणांचे कोड स्टँडर्डमध्ये नाहीतच, प्रत्येक कंपनीचे वेगळे. नोकियावर उणे ६ आणि उणे ७, मोटोरोलावर उणे २१ आणि उणे २२, सीमेन्सवर उणे १ आणि उणे ४. त्यामुळे मेनूसाठी जावाची तयार कमांड वापर, ती बटणाला फोनच जोडतो, आणि दिशांसाठी बटणाचा कच्चा कोड न बघता गेटगेमॲक्शन या फंक्शनला विचार. कॉलचं म्हणशील तर ॲप थांबवायच्या पॉजॲप या फंक्शनवर विसंबू नकोस, काही फोन ते बोलावतच नाहीत, कॅनव्हासच्या (गेमच्या स्क्रीनच्या) हाइडनोटिफायमध्ये, जे स्क्रीन झाकली की चालतं, गेम थांबव आणि स्कोअर तिथेच सेव्ह कर. मग दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल लाव, एकदा गेम चालू असताना, एकदा मेनूत, आणि एकदा बरोबर सेव्ह होत असताना.