ड्रोनला सगळीकडून सेन्सर असतील तर जत्रेचं शूटिंग रात्री बिनधास्त करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की डीजेआय कंपनीचा मिनी ४ प्रो ड्रोन घेतलाय, गावच्या जत्रेत रात्री निघणारा छबिना वरून शूट करायचाय, आणि दुकानदार म्हणतोय, 'सगळीकडून सेन्सर आहेत, कुठे धडकायचा नाही.' जत्रा आणि वराती शूट करणं हा माझा धंदाच आहे, म्हणून सरळ सांगतो. उडवा, पण सेन्सर नाहीतच असं धरून उडवा. दुकानदाराचं बोलणं दिवसाउजेडी बरंचसं खरं आहे, रात्री नाही.

हे सेन्सर म्हणजे शेवटी छोटे कॅमेरेच असतात. एकच वस्तू वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून किंचित वेगळ्या कोनातून दिसते. त्या चित्रांतला तोच ठिपका जुळवून फरकावरून अंतर काढलं जातं, आपले दोन डोळे करतात तसंच. आता जुळवायला ठिपका दिसला तर पाहिजे! अंधारात चित्रात नुसते दाणे दाणे येतात आणि हिशेब कोलमडतो. मॅन्युअलमध्येच अट दिली आहे: १५ लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड हवा आणि समोरच्या पृष्ठभागावर काहीतरी नक्षी, खडबडीतपणा हवा. पौर्णिमेचं टिपूर चांदणंसुद्धा पाव लक्सच्या आसपासच भरतं. खालच्या बाजूला इन्फ्रारेड सेन्सर आहे, तो अंधारातही जमिनीपासूनची उंची सांगतो. पण बाजूच्या बाभळीशी त्याला काही देणंघेणं नाही.

विश्वास बसत नसेल तर एका संध्याकाळी स्वतः करून बघा. सूर्य मावळायच्या वेळेला एखाद्या झाडासमोर चार-पाच मीटरवर ड्रोन छातीच्या उंचीवर हवेत उडता पण स्थिर ठेवा आणि स्क्रीनकडे बघत राहा. झाडाच्या दिशेला रंगीत कमान आणि अंतराचा आकडा दिसेल. उजेड कमी होत जाईल तसा आकडा उड्या मारायला लागेल, मग मधूनच गायब होईल, परत येईल. शेवटी उजेड कमी असल्याची सूचना येईल आणि त्या बाजूची कमान निघून जाईल. झाड तिथेच असतं, तुम्हाला अजून चांगलं दिसतही असतं. माणसाची नजर या बाबतीत बरीच पुढे आहे.

पूर्ण अंधारापेक्षा जत्रेतला अर्धवट उजेड जास्त फसवतो. मंडपाच्या हॅलोजनकडे तोंड करून ड्रोन उभा असतो, पुढचे सेन्सर व्यवस्थित चालू असतात, स्क्रीनवर सगळं हिरवंगार. तुम्ही निर्धास्त होऊन त्याला मागे खेचता, कारण मागे मागे जाणारा शॉट सगळ्यांनाच आवडतो. आणि मागे असतो काळोख, त्यात चिंचेचं झाड. म्हणून रात्री उलटा शॉट असा आंधळेपणाने घेत नाही मी. ड्रोन फिरवून तोंड मागच्या बाजूला करायचं, आधी तो रस्ता बघून घ्यायचा, मगच मागे यायचं, तेही मोकळ्या मैदानावरून. स्पोर्ट मोडचं, म्हणजे जोरात उडवायच्या मोडचं, तर नावच नको, त्यात सेन्सर दिवसासुद्धा बंद असतात.

खरा वैरी मात्र तार. बारीक तार या सेन्सरना भर उन्हातही भरवशाने दिसत नाही. एमएसईबीच्या लाइनी, डीपीवरून घरांकडे गेलेल्या सर्व्हिस वायरी हे सगळं दिवसा फिरून बघून ठेवा. पण जत्रेत एक गंमत असते. सकाळी तुम्ही रस्ता बघून येता आणि दुपारी पोरं देवळाच्या शिखरापासून वेशीपर्यंत पताकांची दोरी ओढतात, डेकोरेशनवाला लायटिंगच्या माळा टाकतो. त्यामुळे दुसरी फेरी सगळी सजावट झाल्यावरच मारायची. आकाशपाळणा कुठे उभा राहिलाय तेही बघा. तुमच्याकडे सासनकाठ्या असतील तर त्या मिरवणुकीबरोबर पुढे सरकतात आणि डोलतातही, हे उंची ठरवताना लक्षात असू द्या. मी त्या वाटेवरची सगळ्यात उंच गोष्ट हेरतो, तिच्या बरंच वर एक उंची पकडतो आणि रात्रभर त्याच्या खाली उतरत नाही. वळणंही साधी ठेवतो. आणि गर्दीच्या डोक्यावर ड्रोन नेऊच नका, बाजूच्या रानावरून तिरका कॅमेरा धरला तरी छबिना छान दिसतो.

कुणीतरी सांगेल की नवीन मॉडेलला लायडार आहे. बरोबर आहे. २०२४ मध्ये आलेल्या एअर ३ एसला आणि नंतरच्या मिनी ५ प्रोला पुढच्या बाजूला लायडार आहे. तो स्वतःच किरण सोडून परत आलेला प्रकाश मोजतो, त्यामुळे अंधारातही भिंत, झाड ओळखतो. पण तो बघतो पुढे, आणि बारीक तारेच्या बाबतीत त्याच्याही भरवशावर राहू नये.

रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप उडाल्या जागी परत येतो त्या सोयीची, उंची उडवण्याआधी तपासा, हे फार लोक विसरतात. दिवसा ड्रोन अडथळे चुकवत घरी येतो. रात्री दिसत नसलं की ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत येतो. ती उंची मोबाइल टॉवरपेक्षा कमी ठेवलेली असेल आणि टॉवर मध्ये असेल, तर पुढचं सांगायला नको. परत आल्यावरही नेमका उडाला त्याच जागी उतरेल असं नाही, कारण जागा ओळखायला खालच्या कॅमेऱ्याला उजेड लागतो. नुसत्या जीपीएसवर तो थोडा इकडेतिकडे सरकतो. शाळेच्या गच्चीसारखी मोकळी जागा निवडा, नक्षीची सतरंजी अंथरा आणि पोराला बाजूने टॉर्च मारायला सांगा. निळी ताडपत्री नको, तिच्यावर कॅमेऱ्याला पकडायला काहीच नसतं.

ड्रोन कुठे आहे हे कळायला वर लुकलुकणारा छोटा दिवा, म्हणजे स्ट्रोब, चिकटवतात, तो जरूर लावा, फक्त सेन्सरच्या काचांवर नको. आता मिनी ४ प्रोचं वजन २४९ ग्रॅम. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यावर मायक्रो. म्हणजे स्ट्रोब लावला की वर्ग बदलला, आणि पैसे घेऊन मायक्रो उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे आणि हे मॉडेल आलं सप्टेंबर २०२३ मध्ये. तेव्हा दुकानदाराने तो कुठून पैदा केला, हे एकदा त्यालाच विचारा. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं गाव कुठल्या झोनमध्ये येतं तेही बघा.

पोलीस पाटील आणि ठाण्याला आधी कळवा, हे नुसतं कागदापुरतं सांगत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, संभाजीनगरकडच्या गावांत रात्री ड्रोन दिसले म्हणून चोरांच्या भीतीने लोक काठ्या घेऊन राखण करत होते. शेजारच्या वाडीला माहीत नसेल तर तुमच्या ड्रोनपेक्षा तुमचीच काळजी वाटते.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: शटर १/५० ठेवा, म्हणजे आपल्याकडच्या विजेच्या दिव्यांची लुकलुक बरीच कमी होते. फोकस लांबच्या दिव्यावर धरून लॉक करा. डीजेवाल्याचा लेझर सुरू झाला की कॅमेरा तिकडून वळवा, थेट किरण पडला तर कॅमेऱ्याच्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर कायमचा डाग किंवा रेघ राहू शकते. दारूकाम सुरू व्हायच्या आत ड्रोन खाली घ्या. आणि गावाचा मोठा, लांबून दिसणारा शॉट रात्रीसाठी राखून ठेवू नका. सूर्य बुडाल्यावर लगेचच लायटिंग लागलेली असते, आकाशात निळाई असते आणि सेन्सरही बहुतेक अजून जागे असतात. तो तेव्हाच घेऊन टाका, मग रात्री फक्त छबिन्याचंच काम उरतं.