ख्रिस्ती श्रद्धेतून होणारी सेवा खरोखर निःस्वार्थ असते का?

ख्रिस्ती माणसे सेवा करतात ती स्वर्ग मिळावा म्हणून की धर्म वाढावा म्हणून, आणि ही दोन्ही कारणे नसतील तर त्यामागे नेमके काय असते, असे आपण विचारले आहे. मी स्वतः मराठी ख्रिस्ती असल्याने हा प्रश्न मला नवा नाही.

स्वर्गाचे उत्तर सोपे आहे. निदान आम्हा प्रॉटेस्टंटांच्या समजुतीनुसार तारण, म्हणजे पापातून सुटका आणि स्वर्गातील जीवन, देवाच्या कृपेने मिळते, सत्कर्मांच्या मोबदल्यात नव्हे. बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल हे स्पष्ट सांगतो आणि लगेच पुढे, आपण सत्कर्मे करण्यासाठीच निर्माण झालो आहोत, असेही म्हणतो. जे आधीच मिळाले आहे, ते सेवेतून कमावण्याचा प्रश्न उरत नाही.

धर्मप्रसाराची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही. मिशनच्या काळात दवाखाना, शाळा आणि प्रचार बहुधा एकाच आवारात नांदत. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळा-वसतिगृहातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून 1893 मध्ये पुण्यात मोठा वाद झाला आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सदनापासून दूर झाले. या शंकेला इतिहास आहे, ती निव्वळ आकस म्हणून सोडून देता येत नाही.

मग मागे काय उरते? योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ते काम नोकराचे असल्याने पेत्र संकोचून नकार देतो. सेवा करणाऱ्याने आपला मोठेपणा खाली ठेवला की नाही, हीच माझ्या मते खरी कसोटी आहे.

या कसोटीला उतरणारे उदाहरण म्हणजे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळात विंधनविहिरी घेताना त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागे. (प्रवचनापेक्षा हा हातपंप अधिक बोलका, असे मला नेहमी वाटते.) शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. बाळाचे वजन करणे, गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, हे सारे त्या शिकल्या. प्रशिक्षणासाठी जामखेडला येत तेव्हा जातपात विसरून एकत्र राहणे-जेवणे त्यांना सुरुवातीला जड गेले. सेविका होण्यासाठी धर्म बदलण्याची अट अर्थातच नव्हती.

डॉक्टरने आपली विद्या अशी वाटून टाकणे हा माझ्या दृष्टीने पाय धुण्याचाच प्रकार आहे, कारण त्यात पैसा तर सोडावा लागतोच, शिवाय ‘माझ्यावाचून अडते’ हे सुखही सोडावे लागते. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. प्रकल्प त्यांच्यानंतरही चालू राहिला, आणि देशोदेशींचे डॉक्टर व विद्यार्थी तिथे शिकायला येतात, तेव्हा त्यांच्यापुढे शिक्षक म्हणून उभ्या राहणाऱ्यांत या सेविकाही असतात.