'काय जाईल' म्हणणाऱ्यांना

रामबाग, इंदूर

प्रिय बाळ,

तुझं दिव्यांग प्रमाणपत्र दोनदा वाचलं. ४४ टक्के. क्लासमधल्या मैत्रिणीला तसाच पाय असून ६० मिळाले, आणि तुझी तपासणी चार मिनिटांत उरकली, हे वाचून माझाही जीव तुटला. घरचे सगळे म्हणतायत, "अपील कर, काय जाईल?" जाईल ना! पाच टक्के गेले तरी सगळं जाईल.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम ५९ अपिलाचा हक्क देतं. पण अपिलात पुन्हा तपासणी झाली, तर नवा आकडा वरच जाईल असं नाही, खालीही येऊ शकतो. तुझ्याच पत्रात तू लिहिलंस की व्यायामाने गुडघा आता पुष्कळ वाकतो, जिना एकेक पायरी न थांबता चढतेस. किती आनंद झाला मला! पण वैद्यकीय बोर्डातले डॉक्टर गुडघ्याला कोनमापक लावून तेच मोजणार, आणि तिथे पाय आखडून धरायचा नाही, हे तुला सांगायला नकोच.

आता बघ, ४० आणि ८० या दोन रेषा. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण ४० ला मिळतं. जुन्या पद्धतीने आयकर भरलास तर दिव्यांगांना मिळणारी ७५,००० ची वजावटही ४० लाच, आणि ती १,२५,००० होते ८० ला. केंद्राची दिव्यांग पेन्शन ८० ला, तीही दारिद्र्यरेषेखालच्यांना. ४४ चे ६० झाले तरी तुझं दिव्यांग ओळखपत्र ४० ते ८० मधल्यांचं, म्हणजे पिवळंच राहील. मिळवायचं फारसं काही नाही, गमवायचं मात्र आहे.

माझी गोष्ट वेगळी होती. मला एका रुग्णालयाने पोलिओच्या पायाचे ३० टक्के लिहून दिले, दोन्ही कान कुणी तपासलेच नाहीत. ४० च्या खाली होते, गमवायला काहीच नव्हतं, म्हणून बेधडक अपील केलं. कानाचे १८ निघाले. ते सरळ मिळवत नाहीत बरं का: नव्वदातून ३० वजा, उरलेल्या ६० ला १८ ने गुणायचं, ९० ने भागायचं. आले १२. एकूण ४२. त्या दोन टक्क्यांवर माझी नोकरी उभी राहिली.

म्हणून तुला एकच विचारते, तुझं काही मोजायचं राहिलंय का? लहानपणी तुझा कान वाहायचा, आई रात्रभर मीठ गरम करून शेकायची, मला आठवतंय. ऐकू कमी येत असेल तर ते अपिलाचं खरं कारण. मैत्रिणीचे ६० हे कारण नव्हे. तिच्या पायाचं काय मोजलं ते आपल्याला माहीत नाही.

आणि त्या चार मिनिटांचा अपमान? त्याची तक्रार राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी कर. मसुदा मी बघून देईन. ती वाट वेगळी आहे, तिथे तुझा गुडघा पुन्हा कुणी मोजायला मागणार नाही.

कलेक्टर कचेरीत मंगळवारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईला लगेच धावू नकोस. आधी माहितीच्या अधिकारात मोजणीचा कागद माग, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अपिलाला मुदत असते, म्हणून निर्णय कोणत्या तारखेला हातात आला ते आजच वहीत लिहून ठेव. मधल्या काळात कानाची तपासणी करून घे आणि तो आलेख घेऊन रविवारी घरी ये.

तुझी,
मावशी