बाबांना क्रॉनिक ल्युकेमिया निघालाय, नाशिकला राहतो, ऑनलाइन खात्रीची माहिती आणि सपोर्ट कुठे मिळेल?

आधी रिपोर्टवर सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) लिहिलंय की सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) ते बघा, दोन्ही क्रॉनिकच पण औषधं न फॉलोअप वेगळं, नुसतं ब्लड कॅन्सर टाकून सर्च केलं की भलतंच वाचून घाबरायला होतं. सीएमएल असेल तर फ्रेंड्स ऑफ मॅक्स शोधा, भारतातल्याच पेशंट आणि घरच्यांचा ग्रुप आहे. आणि वाचताना तारीख बघत जा हो, 2001 ला सीएमएलवरची इमॅटिनिब ही गोळी आली, त्याआधीचे आकडे आता लागूच होत नाहीत, बरेच जण रोज गोळी घेऊन नोकरी, द्राक्षाची बाग सगळं सांभाळतात. पीसीआर (रक्तात आजार किती उरलाय ते दाखवणारी तपासणी) रिपोर्टचा अर्थ मात्र हिमॅटॉलॉजिस्टलाच, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांनाच विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे काढे अजिबात नको, काहींमुळे गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो.