गाडी ऑईल खाते आणि सर्व्हिस सेंटर ‘नॉर्मल’ म्हणते

प्रश्न : आम्ही अहमदपूर (जि. लातूर) येथे राहतो. सव्वादोन वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगर येथून साडेअकरा लाख रुपयांना टर्बो-पेट्रोल गाडी घेतली. वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि आतापर्यंत ३४,००० किलोमीटर झाले आहेत. मागील सर्व्हिसिंगनंतर दर दोन हजार किलोमीटरला सुमारे एक लीटर इंजिन ऑईल घालावे लागते. एकदा नांदेडहून येताना लोह्याजवळ ऑईलचा तांबडा दिवा लागला, तरी गाडी तशीच घरी आणली. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘हजाराला लीटरभर चालते, नॉर्मल आहे’ असे सांगून दोनदा ऑईल घालून दिले, पण त्याची नोंद कोठेच केली नाही. आमचा नेहमीचा मेकॅनिक जाड ग्रेडचे ऑईल घाला म्हणतो. काय करावे?

उत्तर : आधी त्या तांबड्या दिव्याविषयी. बहुतेक गाड्यांत तो ऑईलची पातळी नव्हे, तर ऑईलचा दाब कमी झाल्याचे दाखवतो. तो पेटतो तेव्हा पंपाला ओढण्यापुरतेही ऑईल चेंबरमध्ये उरलेले नसण्याची शक्यता असते आणि त्या अवस्थेत बेअरिंग व टर्बो अक्षरशः कोरडे फिरतात. यापुढे असे झाल्यास गाडी जागच्या जागी बंद करावी आणि टोचन लावूनच न्यावी. झालेला प्रकार तक्रारीत लपवू नये, कारण गाडीच्या संगणकात त्याची नोंद राहिलेली असू शकते आणि ती पुढे आपल्याच विरुद्ध काढली जाईल.

आता ‘नॉर्मल’ या उत्तराकडे वळू. प्रत्येक इंजिन थोडेफार ऑईल जाळते आणि गाडी नवी असताना पहिले काही हजार किलोमीटर ते प्रमाण जास्तही असते, हे खरे आहे. कंपन्या आपापल्या पुस्तिकेत त्याची मर्यादा देतात. काहींची ती हजार किलोमीटरला अर्धा लीटर, तर काहींची एक लीटरपर्यंत असते. म्हणून पहिले काम म्हणजे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. काउंटरवर तोंडी सांगितलेला आकडा आणि छापील आकडा एकच असेल असे गृहीत धरू नये. आपल्या गाडीचे प्रमाण हजाराला अर्धा लीटर पडते, म्हणजे एका कंपनीच्या हिशेबाने ते काठावर आणि दुसरीच्या हिशेबाने मर्यादेच्या आत बसते. मात्र मर्यादेत असले तरी एक साधा हिशेब सर्व्हिस ॲडव्हायझरपुढे मांडता येतो. अशा इंजिनात साधारण चार लीटर ऑईल बसते आणि सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला असते. आपल्या गाडीच्या चालीने तेवढ्या अंतरात पाच लीटर संपेल. दोन सर्व्हिसिंगच्या मधे जे इंजिन स्वतःचे सगळे ऑईल संपवते, त्याला नॉर्मल म्हणायला माझी तरी तयारी नाही.

अशा तक्रारीत मालक कारणावर वाद घालत बसतो, पण प्रकरण बिघडते ते मोजमापाअभावी. आपल्याला दोनदा ऑईल घालून मिळाले, त्याची नोंद झाली नाही; याचा अर्थ कंपनीच्या दफ्तरी आपल्या गाडीने आजवर थेंबभरही ऑईल खाल्लेले नाही. फुकट मिळालेला टॉप-अप येथे महाग पडतो. म्हणून दर वेळी जॉब कार्डवर (गाडी कामाला घेताना सर्व्हिस सेंटर भरते तो कागद) ‘इंजिन ऑईल जास्त लागते’ ही तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, किलोमीटर आणि घातलेल्या ऑईलचे माप त्यावर येईल असे पाहावे आणि प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. ॲडव्हायझर लिहीत नसेल, तर तीच तक्रार त्याच दिवशी डीलर आणि कंपनी या दोघांना ई-मेलने पाठवावी.

घरी मोजमाप करताना जागा आणि वेळ ठरवून घ्यावी. सपाट फरशीवर उभ्या गाडीची पातळी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी पाहिलेली बरी. पुस्तिकेत निराळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. डिपस्टिक (इंजिनातील ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून सूत न सोडणाऱ्या कापडाने पुसावी, पूर्ण खाली बसवून पुन्हा काढावी आणि आडवी धरून दोन्ही बाजू पाहाव्यात. नळीच्या भिंतीला लागून एका बाजूला ऑईल वर चढलेले दिसते, ते खरे नव्हे. दोन्हींपैकी खालची रेघ धरावी. अनेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेतील अंतर सुमारे एक लीटरचे असते. ऑईल मापाच्या बाटलीतूनच घालावे, वरच्या खुणेपलीकडे कधीही जाऊ नये (जादा भरलेले ऑईलही उसळून हवेच्या मार्गाने जळते) आणि तारीख, किलोमीटर व माप वहीत लिहून डिपस्टिकचा फोटो ठेवावा. ऑईल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घ्यावे आणि त्याचे बिल जपावे.

यानंतर ‘ऑईल कन्झम्प्शन टेस्ट’ची मागणी लेखी करावी. तीत जुने ऑईल काढून नवे मोजून, शक्यतो वजन करून भरतात, भरणीचे झाकण, डिपस्टिक व ड्रेन प्लग यांना सील किंवा रंगाची खूण करतात, आणि ठरलेले अंतर, बहुधा एक हजार किलोमीटर, गाडी चालवून परत आल्यावर उरलेले ऑईल पुन्हा मोजतात. लीटरभर ऑईलचे वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे काट्यावर घट स्पष्ट कळते. भरताना आणि काढताना आपण तेथे हजर राहावे, सीलचे फोटो घ्यावेत आणि मधल्या काळात झाकणाला हात लावू नये. लातूरला दोनदा जावे लागेल, पण हा एकच कागद पुढच्या शंभर फोनांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कारण शोधणे हे मेकॅनिकचे काम असले, तरी आपल्याला दिसणाऱ्या खुणा सांगितल्यास त्याचा तर्क लवकर चालतो. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय जातो. जोराने पिकअप घेताना धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बोचे सील. कार्बन साचून ऑईलची रिंग जाम होणे हे नव्या गाड्यांतही आढळणारे कारण आहे. त्याआधी बाहेरची गळती आणि क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या कोठीची) वाफ परत इंजिनात सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्यावा, कारण तो बदलणे स्वस्त आहे आणि इंजिन उतरवावे लागत नाही. ऑईल जळत राहिल्यास त्यातील फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी होत जातो, हे तक्रारीत जरूर लिहावे.

आपल्याकडची धूळ हा मुद्दा कंपनी हमखास काढते. सोयाबीनची मळणी, उसाच्या ट्रॅक्टरांमागून जाणे, शेताकडचे कच्चे रस्ते यांमुळे एअर फिल्टर लवकर तुंबतो, आणि रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हवेने फुंकून तो वाकडा बसवला, तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते. फिल्टर अधिकृत ठिकाणी वेळेवर बदलल्याची बिले असतील, तर हा मुद्दा तेथेच संपतो.

जाड ग्रेडचा सल्ला मात्र मानू नये. खप काही काळ कमी झाल्यासारखा दिसेल, पण टर्बोला आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेला पातळ ऑईलच अपेक्षित असते, आणि चुकीचे ग्रेड सापडताच वॉरंटी नाकारण्याचे कारण आपणच कंपनीच्या हातात दिलेले असेल. बाटलीतून घालायची ‘ऑईल खाणे बंद’ करणारी औषधेही याच कारणाने दूर ठेवावीत.

चाचणीनंतरही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून मग ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथेही तक्रार दाखल करता येते. त्यामुळे गाडी संभाजीनगरला घेतली असली तरी आपल्याला लातूरचा जिल्हा आयोग चालेल. मोजली जाते ती दिलेली किंमत, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे येतात. दहा ते वीस लाखांच्या खरेदीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर कलम ३८ प्रमाणे आयोग योग्य प्रयोगशाळेकडून चाचणी मागवू शकतो. मागणी करताना पहिल्या दमात नवी गाडी मागू नये. उत्पादनातील दोष सिद्ध केल्याशिवाय ती मिळणे कठीण असते. इंजिनची वॉरंटीतून दुरुस्ती, त्यानंतर पुन्हा चाचणी आणि बदललेल्या भागांची लेखी नोंद इतकी मागणी अधिक टिकते. आपल्या वॉरंटीचे जेमतेम नऊ महिने उरले आहेत, तेव्हा जॉब कार्डचे काम या आठवड्यातच करावे.

प्रश्न : आमच्या बीएस-६ डिझेल गाडीचे ऑईल कमी होण्याऐवजी वाढते. बीड शहरातल्या शहरातच गाडी फिरते. हे चांगले लक्षण समजावे का? (बीड)

उत्तर : नाही. धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ स्वतःला साफ करण्यासाठी जादा डिझेल जाळतो. फेऱ्या छोट्या असल्याने ती सफाई अर्धवट राहिली, की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑईलमध्ये मिसळते. डिपस्टिकला डिझेलचा वास येतो आणि ऑईल पाण्यासारखे पातळ लागते. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर गाडी न चालवता ऑईल बदलून घ्यावे. आठवड्यातून एकदा मांजरसुंब्याच्या पुढपर्यंत महामार्गावर सलग वेगाने गाडी चालवल्यास सफाई पूर्ण होण्यास मदत होते. एक धोका वेगळाच आहे : गाडी ऑईल खातही असेल, तर वाढत्या डिझेलमुळे ते डिपस्टिकवर दिसणार नाही.

प्रश्न : माझी गाडी टुरिस्ट परवान्याची असून मी स्वतःच चालवतो. तीही ऑईल खाते. मला ग्राहक आयोगात जाता येईल का? (जालना)

उत्तर : स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूची धरली जात नाही, त्यामुळे आपल्याला जाता येईल. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि परवाना व चालक परवान्याच्या प्रती जोडाव्यात. चार गाड्या घेऊन त्यांवर पगारी चालक ठेवणाऱ्याला मात्र ही सवलत मिळणे अवघड आहे. शिवाय आपली वॉरंटी खासगी गाडीइतकीच आहे का, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. टॅक्सीसाठी कंपन्या वेगळ्या अटी ठेवतात.