वाचकांचे प्रश्न: घरबसल्या बडोद्याचे रस्ते

प्रश्न: मुलीला महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळालाय. आम्ही सांगलीत. दांडिया बाजार किंवा फतेगंजात खोली घ्यायची आहे. फोनवर रस्ते बघता येतात म्हणे. ते कसे, आणि त्यावर किती विसंबावे?

उत्तर: गूगल मॅप्समध्ये लेयर्सच्या बटणावरून 'स्ट्रीट व्ह्यू' निवडा. नकाशावर निळ्या रेघा उमटतील. रेघेवर बोट टेकवले की रस्ता समोर येतो. कॉम्प्युटरवर कोपऱ्यातला पिवळा माणूस उचलून रेघेवर सोडायचा. जुलै २०२२मध्ये भारतात ही सोय आली तेव्हा पहिल्या दहा शहरांत बडोदेही होते, त्यामुळे मोठे रस्ते बहुतेक सापडतील.

पोळांचे, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांचे, मात्र तसे नाही. मांडवीच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत कॅमेऱ्याची गाडी शिरत नाही. तिथे सुटे निळे ठिपके दिसले तर ते लोकांनी टाकलेले फोटो. उभ्या जागी चौफेर बघा, पुढे जाता येणार नाही.

पत्ता टाकून थेट चित्र उघडू नका. चित्र जवळच्या चित्रित रस्त्यावर उघडते, आणि तो कधीकधी इमारतीच्या मागचा निघतो. खाली छोटा नकाशा उघडा ठेवून बाणाची दिशा ताडून पाहा.

मग तारीख. चित्रावर महिना आणि वर्ष असते, ते आधी वाचा. जुन्या फेऱ्या असतील तर 'सी मोअर डेट्स'मध्ये मिळतात. दोन वर्षांपूर्वीच्या मोकळ्या प्लॉटवर आज बांधकाम चालू असू शकते.

रुंदीला तर हमखास फसायला होते, कारण या कॅमेऱ्यात गल्ली ऐसपैस वाटते. उभ्या रिक्षेवरून अंदाज घ्या; ती सुमारे १.३ मीटर रुंद असते. कॅमेरा गाडीच्या टपावर असल्याने कुंपणापलीकडचेही दिसते, रस्त्यावरून चालणाऱ्याला ते दिसेलच असे नाही.

चित्रे दिवसाची असतात. रात्रीचे दिवे, आवाज, पाण्याची वेळ यांतले काहीच कळत नाही. विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी ऑगस्ट २०२४मध्ये त्या गल्लीत कुठवर आले होते, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा. तळमजल्याची खोली असेल तर नक्कीच.

प्रश्न: आमच्या घराची ओसरी स्पष्ट दिसते. काढता येईल?

उत्तर: चेहरे आणि गाड्यांचे नंबर आपोआप पुसट होतात, घर होत नाही. चित्रातल्या 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम'वर जा, घर चौकटीत आणा, कारण निवडा, ईमेल द्या. पुसट झालेले पुन्हा स्पष्ट करता येत नाही, म्हणून भाऊबंदांचा सामायिक वाडा असेल तर आधी सगळ्यांना विचारा.