वस्तू फेकणाऱ्या मुलाविषयी

प्रिय,

तुझ्या वर्गातला पाच वर्षांचा मुलगा वस्तू फेकतो, शेजारच्याला ढकलतो आणि आता सगळेच त्याला ‘द्वाड’ म्हणू लागलेत, असं तू लिहिलंस. तो शब्द तू तरी वापरू नकोस. तो एकदा चिकटला की मग कुणी कारण शोधत नाही.

एक वही कर. पानावर तीन रकाने आख: आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. आठ-दहा दिवस नोंदी ठेव. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असं लिहू नकोस; डोळ्यांना दिसलं तेवढंच लिही. उदाहरणार्थ: ‘१०.२०. अक्षरं गिरवायला सांगितली. पेन्सिल फेकली, बाकाखाली शिरला. दाराशी नेऊन बसवलं.’ यातला तिसरा रकाना नीट बघ. दाराशी बसवल्यामुळे गिरवणं टळलं. आपल्या लेखी ती शिक्षा, त्याच्या लेखी सुटका. मग उद्याही पेन्सिल फेकली जाणारच.

मूल असं वागतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला कुणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, नको असलेलं काम टाळायचं असतं, नाहीतर ती हालचालच शरीराला बरी वाटत असते. दोन मुलं सारखीच ढकलतील, पण कारणं निराळी असतील. लक्ष वेधण्यासाठी ढकलणाऱ्याला तू पाच मिनिटं समजावत बसलीस, तर त्याला हवं तेच मिळालं.

कारण कळलं की तीच गोष्ट मागायची सोपी रीत शिकव. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली हेच दाखवून दिलं: मुलांना मदत किंवा लक्ष मागणारं वाक्य शिकवलं की त्रासदायक वागणं घटतं, मात्र ते वाक्य कारणाशी जुळायला हवं. तुझ्या वर्गातल्या या मुलाला ‘मदत हवी’ म्हणायला किंवा एक कार्ड उचलून दाखवायला शिकव. हे तो शांत असताना शिकवायचं, रोज दोन-तीनदा सराव घेऊन. त्याने कार्ड दाखवलं की हातातलं काम सोडून लगेच जा, सुरुवातीला दर वेळी. पेन्सिल फेकण्यापेक्षा कार्ड दाखवणं सोपं आणि जलद ठरलं नाही, तर तो कार्ड सोडून देईल. शिवाय गिरवायच्या चार ओळींची एक कर आणि त्याची पेन्सिलवरची पकड बघ. कित्येकदा सगळं तिथेच अडलेलं असतं.

जुन्या युक्तीला दाद मिळेनाशी झाली की पहिले काही दिवस तो कदाचित अधिक जोरात फेकेल. तसं होऊ शकतं. पण बरेच जण इथेच कंटाळून हार मानतात आणि मूल शिकतं की जोर वाढवला की काम होतं. म्हणून तू आणि मदतनीस, दोघींनी एकसारखंच वागायचं हे आधी ठरवा.

ऐन भडक्यात बोलणं अगदी कमी ठेव. बाकीच्या मुलांना दूर कर, हातभर अंतरावर खाली बस, ‘पेन्सिल खाली’ एवढंच म्हण आणि थांब. ‘का केलंस?’ हा प्रश्न तेव्हा विचारूच नकोस. त्या क्षणी त्याला उत्तर सुचत नाही, उलट दडपण वाढतं. बोलायचं ते तो पूर्ण निवल्यावर, दोन वाक्यांत.

पालकांना बोलावशील तेव्हा तक्रारींची यादी वाचू नकोस. झोप, भूक, पोट साफ होणं, घरातला एखादा बदल यांबद्दल विचार. हाक मारल्यावर तो वळून बघतो का, हेही तपास. ऐकू कमी येणारं मूल ‘ऐकत नाही’ म्हणून बोलणी खात राहतं. वागणं अचानक पालटलं असेल तर डॉक्टरांकडे पाठवायला उशीर करू नकोस.

दोन-तीन आठवड्यांनी वहीतल्या नोंदी मोज. आकडा हललाच नसेल तर बहुधा कारण ओळखण्यात चूक झाली आहे. पुन्हा तिसऱ्या रकान्यापासून वाच, आणि शाळेत विशेष शिक्षक असतील तर ती वही त्यांनाही दाखव.